ऐकू न आलेली शीळ

त्या गॅरेजवाल्याला सगळे कानसेन म्हणत. हे नाव त्याने स्वतःहून लावून घेतलं नव्हतं, पण लोकांनी लावल्यावर नकोही म्हटलं नव्हतं. तिशीत असताना एकदा तो गॅरेजच्या दारात चहा पीत उभा होता. समोरून एक टॅक्सी गेली, तसा त्याने कप खाली ठेवला आणि टॅक्सीवाल्याला हाक मारून थांबवलं. "डाव्या मागच्या चाकाचं बेअरिंग," तो म्हणाला. "आठवडा काढेल." पाचव्या दिवशी ते चाक जाम झालं आणि टॅक्सीस्टँडवर दुसरा विषय उरला नाही. तेव्हापासून ज्या गाड्यांचं दुखणं कुणालाच सापडत नसे, त्या कानसेनकडे येऊ लागल्या. बाकीचे मिस्त्री आधी बोनेट उघडत. हा आधी डोळे मिटून घेई. "बोनेट कुठे पळून जातंय," म्हणायचा, "तिला बोलू तर द्या."

गॅरेज म्हणजे एकाला एक लागून दोन शेड. एकीत कानसेनचा खड्डा, जॅक आणि भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेले पाने. दुसरीत जाड प्लास्टिकचा पडदा लावून त्याचा मेहुणा गाड्यांना रंग मारायचा. मेहुणा बायकोचा धाकटा भाऊ, मितभाषी, बारा महिने कानात कापसाचे बोळे घालून काम करणारा. त्यावरून कानसेनने त्याची वीस वर्षं चेष्टा केली होती. "तुला कापूस घालावा लागतो, कारण तुझ्या कानांना काम नाही," असं तो चारचौघांत म्हणायचा आणि ग्राइंडर सुरू करायचा, उघड्या कानांनी.

वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, एका मंगळवारी सकाळी, त्याच्याकडे एक बाई करड्या रंगाची जुनी गाडी घेऊन आल्या. पन्नाशीला टेकलेल्या, हात कोपरापर्यंत लालसर, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे नीट बघून बोलणाऱ्या. एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत त्या मुकादम होत्या.

"छपरातली वरची काच उघडली की शीळ वाजते," त्यांनी सांगितलं. "काटा साठच्या पुढे गेला की सुरू. बारीक असते, पण कानात सुई घातल्यासारखी. काच बंद केली की थांबते."

"मग बंद ठेवायची," बाकावर बसलेला टेम्पोवाला म्हणाला.

बाई त्याच्याकडे न बघता कानसेनला म्हणाल्या, "ती उघडते म्हणूनच तर गाडी घेतली, मिस्त्री. आठ तास मी वाफेत असते. डोक्यावर हातभर अंतरावर पाइप. कामावरून घरी जायला पस्तीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ मला डोक्यावर काही नको असतं. आता ती पस्तीस मिनिटं शीळ ऐकण्यात जातात."

कानसेनला बाई आवडल्या. दुखणं असं नेमकं सांगणारं गिऱ्हाईक विरळा. त्याने गाडी घेतली, बाई शेजारी बसल्या. मेहुण्याला पुलापलीकडच्या दुकानातून थिनर आणायचा होता, तो मागे बसला. पुलावर चढल्यावर कानसेनने बटण दाबलं, वरची काच सरकत मागे गेली आणि वारा आत घुसला. काटा साठला पोचला. पासष्टला.

"ही बघा," बाई म्हणाल्या. "सुरू झाली."

कानसेनने डोळे बारीक केले. त्याला वाऱ्याचं घोंघावणं ऐकू येत होतं. टायरची घरघर येत होती. इंजिन गुणी होतं.

"हा वारा, ताई."

"वारा निराळा. त्याच्यावर शीळ आहे."

त्याने काच मिटली, परत उघडली. वेग वाढवला, कमी केला. मान डावीकडे झुकवली, उजवीकडे झुकवली. काही नाही. बाई दर वेळी, "ही आली," "आता गेली," म्हणत होत्या, आणि प्रत्येक वेळी त्याला नुसता वाराच ऐकू येत होता. तीस वर्षांत असं झालं नव्हतं, की गाडीतला आवाज गिऱ्हाइकाला येतोय आणि त्याला नाही. तो आरशातून मागे बघायला लागला, तर मेहुणा खिडकीबाहेर बघत होता.

गॅरेजमध्ये परत आल्यावर बाई म्हणाल्या, "अजून एक फेरी मारू या का? काच अर्धीच उघडून बघू."

बाकावर टेम्पोवाला होता, एक टॅक्सीवाला होता, शाळेचा व्हॅनवाला होता. तिघेही निकालाची वाट बघत असल्यासारखे बसले होते. कानसेनने फडक्याला हात पुसले, पुसायला काही नसताना पुसले.

"ताई, तीस वर्षं मी हेच करतोय. गाडीत आवाज असता तर मला आला असता. शीळ गाडीत नाही, तुमच्या डोक्यात आहे. दिवसभर त्या मशिनींच्या गोंगाटात असता ना, होतं असं. गाडी राहू द्या, कान दाखवून घ्या."

तिघे हसले. टेम्पोवाला जरा जास्तच हसला. बाईंच्या गळ्यापासून गालापर्यंत रंग चढला. त्यांनी हात पुढे केला, किल्ली घेतली, "बरं," म्हणाल्या आणि गाडी मागे घेऊन निघून गेल्या. गाडी मागे घेताना त्यांनी तिन्ही आरशांत नीट बघितलं, हे कानसेनच्या लक्षात राहिलं. घाईत, रागात असलेलं माणूस तसं बघत नाही.

दुपारी डबे उघडले तेव्हा मेहुणा नेहमीसारखा समोर न बसता शेजारी बसला. पोळीचा एक घास खाल्ला आणि म्हणाला, "भावजी, शीळ होती."

"काय होती?"

"शीळ. पूल चढल्यापासून. चांगली मोठी होती."

कानसेन हसला. "तूही त्या बाईच्या बाजूचा."

मेहुणा उठला. दोन शेडच्या मधल्या भिंतीपाशी कॉम्प्रेसर होता. त्याच्या नळीवर एका ठिकाणी फडकं गुंडाळलेलं होतं. मेहुण्याने ते सोडलं आणि नळी कानसेनच्या तोंडासमोर धरली. "हा आवाज येतोय?"

"कसला?"

मेहुण्याने त्याचा हात धरून नळीजवळ नेला. तळहाताला गार वाऱ्याची बारीक धार लागली. नळीला चीर होती, हवा सुटत होती, आणि ती आवाज न करता सुटत होती.

"दोन महिने फुसफुसतेय," मेहुणा म्हणाला. "रस्त्यावरून जाणारा माणूस वळून बघतो. तुम्ही तिच्याशेजारी बसून पेपर वाचता."

"मग बोलला का नाहीस?"

मेहुण्याने फडकं परत गुंडाळलं. "नळीचं काय. पट्ट्याचंही बोललो नाही. तुम्ही गाडी पास करता, गिऱ्हाईक चहा प्यायला जातं, तेवढ्यात मी कुईकुई करणारा पट्टा बदलून टाकतो. दोन वर्षं झाली असतील."

कानसेनने डबा बंद केला. आपल्या मागे आपलाच मेहुणा आपलं काम निस्तरत होता, आणि आपण त्याच्या कापसाच्या बोळ्यांवरून लोकांना हसवत होतो. त्या दुपारी तो खड्ड्यात उतरला तो दोन तास वर आला नाही. वरती उभी असलेली गाडी नुसती तेल बदलायला आली होती.

खड्ड्यात बसल्या बसल्या त्याला एकेक माणूस आठवू लागलं. एक मास्तर होते, ब्रेक दाबला की बारीक किंचाळी येते म्हणायचे. त्यांना त्याने, "मास्तर, वर्गातली पोरं किंचाळत असतील," म्हणून परत पाठवलं होतं. पुढे त्यांनी ती गाडी विकली म्हणे. एक तरुण जोडपं होतं. एक नर्स होती, तिच्या डॅशबोर्डमध्ये काहीतरी किणकिणत होतं. सगळ्यांना त्याने हसत हसत वाटेला लावलं होतं. आणि ते सगळे निमूट गेले होते, कारण कानसेनला ऐकू आलं नाही म्हणजे आवाज नसणारच.

एवढं कळल्यावर माणसाने सरळ जाऊन कबूल करावं. कानसेनला ते जमलं नाही. त्याने बाईंना फोन केला आणि म्हणाला, "ताई, मी विचार केला. काचेभोवतीचं रबर जुनं झालं असेल. आणा गाडी, बदलून देतो." असेल, म्हणाला. आयुष्यात त्याने कुठल्या दुखण्याला 'असेल' म्हटलं नव्हतं.

बाई शनिवारी आल्या. मागचा एक शब्द त्यांनी काढला नाही. कानसेनने मेहुण्याला मुद्दाम पुलापलीकडे थिनर आणायला पिटाळलं. डबा भरलेला होता, मेहुण्याने तो डोळ्यांसमोर उचलून हलवून दाखवला आणि तरी गेला. रबर बदललं. मग कानसेन बाईंना घेऊन पुलावर गेला, काच उघडली, काटा सत्तरपर्यंत नेला, आणि आपल्याला समजतंय अशा थाटात मान डोलवली.

"गेली ना शीळ?"

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गेली."

त्या एका शब्दावर कानसेनचे दहा दिवस बरे गेले. परत आल्यावर मेहुण्याला त्याने ऐकवलंही, "रबरच होतं. बाई म्हणाल्या, गेली." मेहुणा एका दाराला पॉलिश पेपर घासत होता. त्याने घासणं थांबवलं नाही.

अकराव्या दिवशी संध्याकाळी कानसेन स्कूटरवरून सामान घेऊन येत होता. हवा अशी छान पडली होती की लोक उगाच रस्त्यावर रेंगाळत होते. सिग्नलला त्याच्या शेजारी करडी गाडी येऊन थांबली. आत बाई होत्या. वरची काच बंद होती, चारी खिडक्या बंद होत्या, आणि कपाळावर घामाने केस चिकटले होते.

त्याने खिडकीवर टकटक केलं. बाईंनी ओळखलं आणि पुढच्या पेट्रोल पंपाच्या कडेला गाडी घेतली.

"छप्पर बंद ठेवलंत?"

"आज वारा नको वाटला," बाई म्हणाल्या.

"ताई."

बाईंनी स्टिअरिंगवरचे हात मांडीवर घेतले. मग गाडीतून उतरल्या, त्याच्या अगदी समोर उभ्या राहिल्या, उजेड आपल्या तोंडावर पडेल अशा, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "शीळ आहे. तशीच आहे."

"मग त्या दिवशी गेली का म्हणालात?"

"तुम्ही माझ्या ओठांकडे बघत होता. गाडी सत्तरला, समोर ट्रक, आणि तुम्ही माझ्या ओठांकडे बघताय. आमच्याकडे लॉन्ड्रीत चाळीस बायका आहेत, मिस्त्री. वीस वर्षं मशिनीपाशी काढली की निम्म्या जणींना बारीक आवाज येईनासे होतात. घंटी येत नाही, नातवंडं काय बोलतात ते कळत नाही. त्या अशाच बघतात. पहिल्या दिवशी पुलावरच माझ्या ध्यानात आलं."

"पहिल्या दिवशी?"

"हो."

म्हणजे जेव्हा तो सगळ्यांसमोर, "कान दाखवून घ्या," म्हणाला, तेव्हा त्यांना माहीत होतं. एका वाक्यात त्याला गप्प करता आलं असतं, आणि बाकावरचे तिघे त्याच्यावर हसले असते. कानसेनने मान खाली घातली. डांबरावर तेलाचा डाग होता, तो त्याकडे बघत राहिला.

"बोलला का नाहीत?" त्याने विचारलं. हाच प्रश्न त्याने मेहुण्यालाही विचारला होता.

"माणसाला त्याच्याच दुकानात कशाला उघडं पाडा," बाई म्हणाल्या. "आणि खरं सांगू का, मला रागही आला होता. म्हटलं, राहू दे याला असाच." त्या गाडीत बसल्या आणि गेल्या. काच बंदच होती.

कानसेन घरी आला तेव्हा बायको ओट्याशी उभी राहून मटार सोलत होती. त्याने सामानाची पिशवी खाली ठेवली आणि तिच्या पाठीमागे उभा राहून म्हणाला, "अगं, मला ऐकू येत नाही."

तिने न वळता काहीतरी उत्तर दिलं. मग चूक लक्षात येऊन ती वळली आणि पुन्हा म्हणाली, "माहीत आहे मला. तुम्ही म्हणता मी पुटपुटते. मी आयुष्यात कधी पुटपुटले का? माझ्या माहेरी मला भोंगा म्हणायचे."

त्याला हसू आलं, तिलाही आलं. ती पुन्हा शेंगेकडे वळली, आणि तिचा हात थांबला. शेंग अर्धी उघडी होती.

"अहो," ती म्हणाली. "फोनवरचंही नाही येत?"

"फोनवरचं तर मुळीच नाही. पातळ वाटतं सगळं. मी आपला हं हं करतो आणि तुझ्या हातात देतो."

बायको खुर्चीवर बसली. "मग त्या दिवशी पोरीचा फोन आला होता तो? मागच्या वर्षी. मी दवाखान्यात गेले होते गुडघा दाखवायला, आणि तुम्ही उचललात?"

त्यांची एकुलती एक मुलगी तीन तासांच्या अंतरावर राहायची. मागच्या वर्षी तिला दिवस गेले होते आणि चौथ्या महिन्यात सगळं संपलं होतं. बायको तिच्याकडे जाऊन पंधरा दिवस राहून आली होती. कानसेनला हे सगळं ठाऊक होतं. बायकोनेच सांगितलं होतं, आणि त्याला वाईटही वाटलं होतं. त्यानंतर मुलीचे फोन फक्त आईला यायला लागले. दुःखात आहे, आईशीच बोलावंसं वाटत असेल, असं त्याने धरलं होतं.

"तो फोन आठवत नाही मला," तो म्हणाला.

"तिने पहिलं तुम्हालाच सांगितलं होतं. हॉस्पिटलमधून. 'बाबा, बाळ गेलं,' म्हणाली. आणि तुम्ही म्हणालात, 'छान, छान. आईला सांगतो.'"

स्वयंपाकघरात नळ थेंब थेंब गळत होता. तो त्याला दिसत होता.

"आईला सांगतो म्हणालात आणि सांगितलंही नाहीत. दोन दिवसांनी तिनेच मला केला. मी तुम्हाला विचारलं होतं, आठवतंय? म्हटलं, पोरीशी असं कसं बोललात. तर तुम्ही माझ्यावरच उसळलात, 'मी काय वाईट बोललो?' मग मी म्हटलं, यांच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही." ती थांबली. "मी तुम्हाला वर्षभर मनात काय काय म्हटलंय, ते देवालाच माहीत."

कानसेन भिंतीला टेकून खाली बसला. ते आपल्याला ऐकू आलं नाही, ही सबब खरी होती, पण तिचा त्याला जराही आधार वाटेना. ऐकू येत नाही हे त्याला, खोल कुठेतरी, तेव्हाही माहीत होतं. 'परत सांग, बाळा, कळलं नाही,' एवढंच म्हणायचं होतं. कानसेनला ते म्हणायची लाज वाटली होती, आणि त्या लाजेपोटी त्याने पोरीला 'छान' म्हटलं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी त्याने बाईंना बोलावलं. फोन बायकोने केला. निरोप त्याचा होता. "मिस्त्री म्हणतात, त्यांना ऐकू येत नाही, तेव्हा तुम्ही त्यांचे कान व्हाल का म्हणून विचारतायत." बाईंनी वेळ विचारून घेतली. मग आल्या.

शहराबाहेर गोदामांकडे जाणारा सरळ रस्ता रविवारी रिकामा असतो. मेहुणा चालवायला बसला, कापसाचे बोळे काढून. बाई मागे बसल्या. कानसेन मेहुण्याशेजारी, पण उलटा वळून, बाईंच्या हाताकडे बघत. शीळ आली की त्यांनी बोट वर करायचं, थांबली की खाली, असं ठरलं. साठीला आलेला माणूस सीटवर गुडघे टेकून मागे तोंड करून बसलेला बघून बाजूने जाणारा एक सायकलवाला हसला.

सनरूफची काच मागे सरकली की पुढच्या कडेला एक बारीक पट्टी आपोआप उभी राहते. तिला डिफ्लेक्टर म्हणतात. समोरून येणारा वारा तिच्यावर आपटून गाडीच्या वरून जावा, आत घुसू नये, हे तिचं काम. कानसेनने मेहुण्याच्या रंगकामातली कागदी टेप घेतली आणि पट्टीची सगळी खालची फट, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बंद करून टाकली. गाडी सत्तरला गेली. बाईंचं बोट खाली राहिलं.

"नाही?"

"नाही."

म्हणजे शीळ तिथेच होती. मग त्याने टेपचे सहा तुकडे केले आणि एकेक काढत गेला. दर वेळी गाडी थांबवायची, तुकडा काढायचा, पुन्हा वेग घ्यायचा. उजवीकडून पहिला काढला, बोट खाली. दुसरा, तिसरा, चौथा, खाली. पाचवा काढल्यावर बोट जरासं उचललं आणि थरथरलं.

"आहे का?"

"आहे, पण लांबून यावी तशी."

सहावा काढला आणि बोट सरळ वर गेलं. कानसेनने उघड्या छतातून हात बाहेर काढला, बोट ओलं करून पट्टीच्या डाव्या कोपऱ्यापाशी धरलं. तिथे वाऱ्याची धार होती, कॉम्प्रेसरच्या नळीसारखी, पातळ आणि गार. उजवा कोपरा पुरता उभा राहत होता. डावा करंगळीच्या नखाएवढा कमी. आतली स्प्रिंग थकली होती. त्या तिरक्या फटीतून वारा पिळून निघत होता आणि शीळ घालत होता.

स्प्रिंग भंगारातल्या एका गाडीची बसवली. पट्टीच्या बुडाला नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, बारीक चिंधी चिकटवली. परत सत्तर, परत ऐंशी. बाईंचे दोन्ही हात मांडीवर होते. त्यांनी डोकं मागे टेकलं आणि वर बघितलं. गोदामांपर्यंत आणि परत, त्या वरच बघत होत्या.

"ताई, खरं सांगा," शेवटी कानसेन म्हणाला.

"गेली. या वेळी खरंच गेली."

"वारा वाजणार. तो काढता येत नाही. काच पुरती उघडू नका, पाऊण उघडा. आणि मागची एक खिडकी दोन बोटं खाली ठेवा, म्हणजे कानाला दडे बसणार नाहीत." तो हे सांगताना त्यांच्याकडे बघत नव्हता.

त्याच्या मनात एवढ्याने भागत नव्हतं. गॅरेजमध्ये परतल्यावर बाकावर दोन अनोळखी माणसं गाड्या घेऊन बसलेली होती. कानसेन त्यांच्यासमोर उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "या बाईंना मी इथे, सगळ्यांसमोर वेडं ठरवलं होतं. बहिरा मी होतो. त्यांची माफी मागतो."

ती दोन माणसं गोंधळून एकमेकांकडे बघायला लागली. बाईंच्या गळ्यावर पुन्हा तोच लाल रंग चढला.

"हे कशाला, मिस्त्री?" त्या हळू म्हणाल्या, मग त्याला ऐकू यावं म्हणून जरा वर. "त्या दिवशी जे हसले, ते यांच्यात आहेत का? तुम्हाला मोकळं वाटावं म्हणून मी परत चारचौघांत उभी."

माफी मागतानाही कानसेनने आपल्याच मनाचं बघितलं होतं. मेहुणा पुढे झाला, बाईंना किल्ली दिली आणि म्हणाला, "चला ताई, गाडी बाहेर काढायला जागा करून देतो." बाई गेल्या. पुढेही बाई गॅरेजमध्ये यायच्या, पण तेल बदलायला, हवा भरायला, आणि बोलायच्या त्या मेहुण्याशी. कानसेनशी नमस्कारापुरतं. त्याला ते बरोबरच वाटे.

त्याच आठवड्यात तो आणि बायको मुलीकडे गेले. तीन तासांच्या रस्त्यात त्याने काय बोलायचं ते चार वेळा मनात जुळवलं आणि दार उघडल्यावर त्यातलं काहीच आठवलं नाही. मुलगी बारीक झाली होती. तिने आईला मिठी मारली, त्याला "या" म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. तो तिच्यामागे स्वयंपाकघरात गेला.

"तुझा तो फोन," तो म्हणाला. "मला ऐकूच आलं नव्हतं, बाळा. मला दोन-तीन वर्षं बारीक आवाज येत नाही. मी सगळ्यांपासून लपवत होतो. तू काय म्हणालीस ते न कळताच मी उत्तर दिलं."

मुलगी गॅसकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलले. ती काहीतरी बोलली.

"मला दिसत नाहीये तुझं तोंड," तो म्हणाला. "परत सांग."

ती वळली. डोळे भरले होते, पण रागही होता. "आई परवाच फोनवर बोलली होती मला, कानांचं. म्हटलं, बरं झालं, निदान तसं काही नव्हतं. पण बाबा, मी वर्षभर रोज तुमचा 'छान' ऐकलाय. तो असा लगेच जाणार नाही."

"नको जायला," तो म्हणाला. "मी थांबतो."

"आणि ते वाक्य मी परत सांगणार नाही. एकदाच सांगता आलं मला."

"नको सांगू."

चहा उतू गेला, तेव्हा दोघांनी एकदमच गॅसकडे हात नेला. ती रात्र ते तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने त्याला आपल्या ओळखीच्या कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने त्याला एका छोट्या खोलीत बसवून कानावर यंत्र लावलं आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. काचेपलीकडून मुलगी बघत होती आणि बराच वेळ त्याचं बोट बटणावर नुसतं ठेवलेलं होतं. बाहेर आल्यावर तिने कागदावरची खाली खाली जाणारी रेघ बघितली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा त्याचा हात धरला.

आता त्याच्या दोन्ही कानांत मशीन आहे. ग्राइंडर लावताना तो ते काढून डबीत ठेवतो आणि कापसाचे बोळे घालतो. मेहुणा ते मुकाट्याने बघतो, चेष्टा करत नाही. नवीन गिऱ्हाईक आवाजाची तक्रार घेऊन आलं, की कानसेन मेहुण्याला मागच्या सीटवर बसवतो आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकतो, "मला सगळं येत नाही. याला येतं." काही जण हे ऐकून दुसऱ्या गॅरेजमध्ये जातात. ब्रेकवाल्या मास्तरांचा पत्ता त्याने शोधून काढला. त्यांच्या मुलाने दार उघडलं आणि सांगितलं की मास्तर दोन वर्षांपूर्वी वारले. गाडीचं त्याला काही माहीत नव्हतं.

मुलगी रविवारी फोन करते. आधी आईशी बोलते, मग त्याच्याशी, सावकाश, शब्द सुटे करून. त्याला एखादं वाक्य निसटतं, तेव्हा तो म्हणतो, "परत सांग." बहुतेक वेळा ती सांगते. कधी कधी मात्र पलीकडे थोडा वेळ काहीच येत नाही, आणि मग ती म्हणते, "राहू दे, बाबा," आणि तो फोन बायकोच्या हातात न देता तसाच कानाला धरून बसून राहतो.